घरासाठी इंजिनिअर्ड लाकडी फरशीची निवड

लाकडी जमीन आपल्या देशाला नवी नाही. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांत वरच्या मजल्यांना कडीपाट आणि तक्तपोशी असे. हिमाचलातल्या डोंगरी घरांत देवदाराच्या फळ्यांवर लोक पिढ्यान्‌पिढ्या वावरले. तेव्हा लाकूड हाच मजल्याचा आधार होता आणि फळ्यांमधल्या फटींची कुणी तक्रार करत नसे. आजच्या सदनिकेत भार काँक्रीटचा स्लॅब उचलतो आणि लाकूड त्यावर केवळ पांघरूण म्हणून येते. त्यामुळे अपेक्षाही बदलल्या आहेत: फट नको, आवाज नको, पृष्ठभाग सपाट हवा आणि पहिल्या पावसाळ्यातच फळ्या उचलल्या जाऊ नयेत.

या पाठात इंजिनिअर्ड लाकडी फरशी म्हणजे काय, ती तशी का बनवतात आणि घरासाठी निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, ते समजून घेऊ. तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा गृहविज्ञान शिकत असाल, तर पदार्थविज्ञान प्रत्यक्ष व्यवहारात कसे उतरते याचे हे चांगले उदाहरण आहे. शिवाय घरातले कुणीतरी तुम्हाला कधी ना कधी विचारणारच आहे, "तू शिकतोस ना, मग सांग, ही फरशी घ्यावी का?" उत्तर विचारपूर्वक द्यायला हवे, कारण हा खर्च मोठा असतो. फरशी एकदा बसली की परत करता येत नाही आणि तिच्यातला दोष बहुधा काही महिन्यांनी, ऋतू पालटल्यावर दिसतो. तोवर दुकानदाराचा आणि कारागिराचा हिशेब मिटलेला असतो.

नावाचा गोंधळ

फर्निचरच्या बाजारात 'इंजिनिअर्ड वूड' म्हटले की बहुधा भुशाचे किंवा लाकडी तंतूंचे दाबून केलेले तक्ते समजतात, म्हणजे पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. फरशीच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. इंजिनिअर्ड फरशीच्या फळीत वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो आणि त्याखाली प्लायवुडचा, मऊ लाकडाच्या आडव्या पट्ट्यांचा किंवा घट्ट दाबलेल्या तंतूंचा गाभा असतो. सर्वांत खाली तोल साधण्यासाठी आणखी एक पातळ लाकडी थर असतो.

दुकानात याच्या शेजारीच लॅमिनेट फरशी मांडलेली असते. दुरून ती हुबेहूब तशीच दिसते, पण तिच्यावर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर असतो. तिसरा प्रकार एसपीसीचा, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा. त्यातही लाकूड नावाला नसते. हे दोन्ही पदार्थ वाईट नाहीत, काही खोल्यांना तेच योग्य ठरतात. मात्र लॅमिनेटसाठी लाकडाचा भाव मोजणे योग्य नाही. पत्रकावर 'टीक फिनिश' लिहिले असेल तर ते रंगरूपाचे वर्णन आहे. सागाचा खरा थर असेल तर त्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असायला हवी. फळीची कापलेली कड हातात घेऊन पाहणे ही सर्वांत सोपी खूण आहे. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर थर खरा. कडेवर कागदाइतकी बारीक रेघ आणि खाली एकसारखा तपकिरी लगदा दिसला, तर ते लॅमिनेट.

लाकूड का हलते?

सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. झाड तोडून, वाळवून, पॉलिश करून कित्येक वर्षे झाली तरी हा व्यवहार थांबत नाही. एखाद्या तापमानाला आणि सापेक्ष आर्द्रतेला लाकूड पुरेसा काळ ठेवले, तर त्यातला ओलावा एका ठरावीक पातळीवर स्थिरावतो. या पातळीला समतोल ओलावा म्हणतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर समतोल ओलावा सुमारे ६ टक्के येतो, ५० टक्क्यांना सुमारे ९, ६५ टक्क्यांना सुमारे १२ आणि ८० टक्क्यांना सुमारे १६. हे टक्के लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या तुलनेत मोजतात.

ओलावा वाढला की लाकूड फुगते आणि कमी झाला की आकसते. पण हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. त्या दिशेने बदल जवळजवळ शून्य असतो: ओल्या लाकडापासून पूर्ण कोरड्या लाकडापर्यंत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने तो सर्वांत जास्त असतो आणि त्रिज्येच्या दिशेने साधारण त्याच्या निम्मा. व्हाइट ओकचे स्पर्शरेषेच्या दिशेचे एकूण आकुंचन १०.५ टक्क्यांच्या आसपास आहे, तर सागाचे ५.८ टक्क्यांच्या आसपास. साग आपल्याकडे दारे-खिडक्यांसाठी का नावाजला गेला, त्याचे एक उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता गणित करू. हे आकुंचन साधारण ३० टक्के ओलाव्यापासून शून्यापर्यंतचे असते. म्हणून १ टक्का ओलाव्यामागे ओकसाठी १०.५ ÷ ३० = ०.३५ टक्के आणि सागासाठी ५.८ ÷ ३० = सुमारे ०.१९ टक्के. समजा, पुण्यातल्या एका खोलीत एप्रिलमध्ये सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आणि ऑगस्टमध्ये ८० टक्के आहे. समतोल ओलावा ६ वरून १६ वर गेला, म्हणजे १० टक्क्यांचा फरक. १२० मिलिमीटर रुंदीची ओकची घन फळी यात ३.५ टक्के, म्हणजे ४.२ मिलिमीटर रुंद होईल. सागाची फळी सुमारे २.३ मिलिमीटर. खोली ३.६ मीटर रुंद असेल तर तिथे अशा ३० फळ्या बसतात. सगळ्यांचे फुगणे एकत्र धरले तर ओकसाठी १२६ मिलिमीटर आणि सागासाठी सुमारे ७० मिलिमीटर होतात. एवढी जागा कुठून आणणार? भिंत सरकत नाही, त्यामुळे फरशी मध्येच तंबूसारखी उचलली जाते.

प्रत्यक्षात आकडे याहून कमी येतात. जाड फळीला हवेशी समतोल साधायला आठवडे लागतात, पॉलिशमुळे ओलाव्याची ये-जा मंदावते आणि सगळ्याच फळ्या पूर्ण स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेल्या नसतात. तरी निम्मे धरले तरी प्रश्न उरतोच. जुन्या वाड्यांनी तो फटी ठेवून सोडवला होता.

उभ्या-आडव्या थरांची युक्ती

तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड हलत नाही आणि रुंदीच्या दिशेने हलते. मग एका थराचे तंतू उभे आणि त्याखालच्या थराचे आडवे ठेवून दोन्ही घट्ट चिकटवले तर? वरचा थर रुंदीत फुगू पाहतो, पण खालच्या थराची ती लांबीची दिशा असते आणि तो हलायला तयार नसतो. चिकटलेले असल्यामुळे एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. प्लायवुडचे तत्त्व हेच. स्वीडनमधल्या गुस्ताफ केर यांनी १९४१ मध्ये बहुस्तरीय लाकडी फरशीचे पेटंट घेतले आणि तिथून आजच्या इंजिनिअर्ड फरशीची वाटचाल सुरू झाली, असे मानले जाते. थंडीत घरे तापवल्यामुळे आतली हवा अतिशय कोरडी होते, ही तिकडची अडचण होती. आपली अडचण पावसाळ्याची आहे, पण विज्ञान तेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. थरांच्या रचनेमुळे हालचाल कमी होते, नाहीशी होत नाही. उत्पादक स्वतःच भिंतीलगत साधारण ८ ते १२ मिलिमीटर जागा सोडायला सांगतात. ३.६ मीटरच्या खोलीत दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर सोडले तर एकूण २० मिलिमीटर झाले, म्हणजे खोलीच्या रुंदीच्या सुमारे ०.५५ टक्के. फरशीची अपेक्षित हालचाल याच्या आतच असणार. घन ओकच्या ३.५ टक्क्यांशी ही तुलना करून पाहा, म्हणजे युक्ती किती कामाची आहे ते लक्षात येईल. आणि ही जागाच सोडली नाही तर युक्ती कशी वाया जाते, तेही.

दुसरी गोष्ट तोलाची. गाभ्याच्या वर जाड लाकूड आणि खाली काहीच नाही, अशी फळी ओलावा बदलला की एका बाजूने ओढली जाते आणि तिची वाटी होते. म्हणून खालचा थर फळीच्या उलट्या बाजूला लपलेला असला तरी शोभेचा नाही, तो कामाचा आहे. नमुन्याची फळी उलटी करून पाहा. खाली चांगला लाकडी थर नसेल, किंवा तो जोडतुकड्यांचा आणि सुटत चाललेला असेल, तर ती फळी बाजूला ठेवा.

वरचा थर किती जाड असावा?

विक्रेता तुम्हाला फळीची एकूण जाडी सांगेल: १२, १४, १५ किंवा २० मिलिमीटर. तुम्ही वरच्या थराची जाडी विचारा. फरशीचे आयुष्य त्यावर ठरते.

वापराने पॉलिश झिजते आणि ओरखडे पडतात. खऱ्या लाकडाचा मोठा फायदा असा की ते घासून पुन्हा पॉलिश करता येते. यंत्राने पूर्ण घासणी करताना साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. त्यामुळे ०.६ मिलिमीटरचा थर असलेली फरशी घासताच येत नाही. वरचे पॉलिश गेले की तिचे आयुष्य संपले, मग ती 'खऱ्या लाकडाची' असो वा नसो. सुमारे २.५ मिलिमीटरच्या थराला एक, जपून केल्यास दोन घासण्या मिळतात. ४ मिलिमीटरला दोन-तीन. ६ मिलिमीटरचा थर जवळजवळ घन लाकडाइतका टिकतो, कारण घन फळीतही सांध्याच्या जिभेपर्यंतच घासता येते, त्याखालचे लाकूड उपयोगाचे नसते. बहुस्तरीय लाकडी फरशीच्या युरोपीय मानकात, ईएन १३४८९ मध्ये, वरच्या थराची किमान जाडी २.५ मिलिमीटर धरली आहे. त्याहून पातळ थराच्या फरशीला तिथे वेगळ्या वर्गात घातले आहे. घरासाठी निवडताना ही रेषा लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग सर्वांत जाड थर घ्यावा का? नेहमीच नाही. थर जितका जाड, तितकी त्याची फुगण्या-आकसण्याची ओढ जास्त आणि गाभ्यावर व गोंदावर ताण जास्त. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते आणि पावसाळ्यात चौपट होते. तिथे ६ मिलिमीटरच्या रुंद ओकला बारीक चिरा पडण्याचा धोका अधिक. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक घरांना ३ ते ४ मिलिमीटरचा थर आणि १२० ते १५० मिलिमीटर रुंदीची फळी पुरेशी होते. फार रुंद फळ्या दालनात छान दिसतात, पण रुंदी वाढली की वाटी होण्याची शक्यताही वाढते.

थर कसा काढला आहे, हेही पाहावे. पेन्सिलीला टोक करताना साल निघते तसा ओंडका फिरवत सोललेला थर स्वस्त पडतो, पण सोलताना त्यात सूक्ष्म चिरा पडतात आणि रेषांची नक्षी मोठी, पसरट, काहीशी अनैसर्गिक दिसते. करवतीने कापलेला थर महाग असतो, कारण भुशात बरेच लाकूड जाते. पण तो फळीसारखाच वागतो आणि दिसतो.

गाभा आणि गोंद

बर्च किंवा तत्सम लाकडाच्या अनेक पातळ थरांचा प्लायवुड गाभा स्थिरतेला उत्तम. स्प्रूस-पाइनच्या आडव्या पट्ट्यांचा गाभा हलका आणि युरोपात रुळलेला, पण पट्ट्यांमध्ये फटी असतील तर पुढे त्यांची खूण वर उमटू शकते. दाबलेल्या तंतूंचा एचडीएफ गाभा फार सपाट असतो आणि त्यावर कळीचे सांधे नेमके कापता येतात. मात्र त्यात एकदा पाणी मुरले की तो फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही.

आपल्या देशात एक चाचणी सांगितली जाते ती उकळत्या पाण्याची. सागरी प्लायवुडच्या भारतीय मानकात, आयएस ७१० मध्ये, नमुना ७२ तास उकळून थर सुटतात का हे पाहतात. फरशीच्या गाभ्याने ही पायरी गाठलीच पाहिजे असे नाही. पण जो विक्रेता गोंदाचा प्रकारच सांगू शकत नाही, त्याच्याकडून पावसाळी प्रदेशासाठी फरशी घेऊ नये.

गोंदाचा दुसरा संबंध आरोग्याशी आहे. युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद स्वस्त असतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या वायूला २००४ मध्ये मानवाला कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचे उत्सर्जनही वाढते. वातानुकूलित झोपण्याची खोली तर बहुतेक वेळ बंदच असते. म्हणून उत्सर्जनवर्ग विचारावा. युरोपातला ई-१ वर्ग म्हणजे चाचणीपेटीतल्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ०.१ भाग. कॅलिफोर्नियाच्या नियमांत प्लायवुडसाठी ही मर्यादा ०.०५ भाग आहे, म्हणजे निम्मी. घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर याबाबत तडजोड करू नका, त्यापेक्षा खोलीचे क्षेत्र कमी करा.

कोणते लाकूड?

लाकडाचा कठीणपणा जांका चाचणीने मोजतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती बल लागते, ते पाहतात. गोळीचा हा विचित्र व्यास का, तर तिची खूण बरोबर १ चौरस सेंटिमीटरची व्हावी म्हणून. व्हाइट ओकला सुमारे ६,००० न्यूटन लागतात, सागाला सुमारे ४,४००. म्हणजे साग ओकपेक्षा मऊ आहे. खुर्चीचे पाय आणि उंच टाचा यांच्या खुणा त्यावर लवकर उमटतील. पण तो कमी हलतो. एका गुणात एक लाकूड पुढे, दुसऱ्यात दुसरे. ज्या घरात आर्द्रतेचे चढउतार तीव्र आहेत तिथे मी सागाकडे झुकेन, आणि जिथे मुले दिवसभर खेळणी आपटत असतात पण हवा बऱ्यापैकी स्थिर आहे, तिथे ओककडे.

सागाबाबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: कुठला? बर्मा टीक हा शब्द आपल्याकडे प्रतिष्ठेचा आहे. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२१ मधल्या लष्करी सत्तांतरानंतर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. मग आज दुकानात 'बर्मा टीक' म्हणून जे विकले जाते ते कुठून आले, याचे कागद मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. आपल्याकडे सागाची वाण नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग बाजारात आजही 'सीपी टीक' या नावाने ओळखला जातो. ब्रिटिशांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस या प्रांताचे नाव प्रांत गेल्यावरही लाकडावर राहिले आहे. इंजिनिअर्ड फरशीत मौल्यवान लाकूड थोडेच लागते, ही तिची जमेची बाजू. २० मिलिमीटरच्या एका घन फळीतल्या लाकडात, करवतीची घट वगळली, तर ४ मिलिमीटरचे पाच थर निघतात.

तुमचे शहर आणि तुमची खोली

लाकडासाठी देशाचे हवामान एकसारखे नाही. लाकडातल्या ओलाव्याच्या भारतीय मानकाने, आयएस २८७ ने, सरासरी आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत. कोची, पणजी किंवा मुंबईत हवा वर्षभर दमट असते, म्हणून समतोल ओलावा जास्त असला तरी त्यातला चढउतार मध्यम असतो. इंदूर, नागपूर, दिल्लीत उन्हाळा अतिकोरडा आणि पावसाळा दमट, त्यामुळे चढउतार मोठा. बंगळूर आणि बेळगाव मध्ये कुठेतरी. लाकडाला सरासरीपेक्षा चढउतार अधिक त्रास देतो, हे विसरू नका. त्यात घरगुती सवयींची भर पडते: रात्री वातानुकूलन यंत्र, दिवसा उघड्या खिडक्या, आणि उन्हाळ्यात डेझर्ट कूलर. कूलर चालणाऱ्या खोलीत लाकडी फरशी टाकू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

मग येते लादी पुसणे. बादलीत फडके बुडवून, अर्धवट पिळून, रोज फिनाइलच्या पाण्याने पुसायची आपली पद्धत टाइल्ससाठी ठीक आहे. लाकडी फरशीवर तेच पाणी सांध्यांतून आत उतरते आणि कडा फुगून वर येतात. फरशी झाडून किंवा व्हॅक्यूमने साफ करायची आणि फडके फिरवायचेच तर ते जवळजवळ कोरडे पिळलेले हवे. घरकाम करणाऱ्या ताईंना हे आधी नीट समजावून सांगितले पाहिजे. अनेक घरांत फरशी बसवणारा ही गोष्ट मालकाला सांगतो, मालक ती पुढे सांगत नाही आणि मग दोष कामवालीच्या माथी जातो. स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा, पाणी येणारी बाल्कनी आणि रोज अभिषेक होणारे देवघर या ठिकाणी टाइल्सच बऱ्या. समईखाली ताटली ठेवावी, तेलाचा डाग लाकडात मुरला की घासल्याशिवाय जात नाही.

तळमजल्यावर वाळवीचा विचार आधी करावा. सागाचे गाभ्याकडचे गडद लाकूड वाळवीला बरेच दाद देत नाही, पण त्याच्या वरच्या थराखाली पॉपलरचा गाभा असेल तर वाळवी खालूनच जेवायला बसते. आयएस ६३१३ या मानकानुसार वाळवीविरोधी उपचार झाले आहेत का, ते विचारा. झाले नसतील आणि घर कोकणात किंवा जमिनीतून ओल चढणाऱ्या जागी असेल, तर लाकडाचा मोह सोडलेला बरा.

खालची जमीन आणि बसवणी

चांगली फळी ओल्या स्लॅबवर टिकत नाही. काँक्रीट ढोबळमानाने १ इंच जाडीला १ महिना या वेगाने वाळते, पावसाळ्यात त्याहूनही हळू. नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की लगेच फरशी टाकण्याची घाई करू नये. प्राथमिक तपासणी घरीही करता येते: साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि किमान १६ तास तसेच राहू द्या. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट गडद झाले, तर जमीन ओली आहे. काहीच दिसले नाही तर ती कोरडीच आहे असे मात्र सिद्ध होत नाही. पक्की खात्री हवी असेल तर स्लॅबमध्ये छिद्र पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारे उपकरण वापरतात. एका बाजूने वाळणाऱ्या स्लॅबमध्ये हे मोजमाप जाडीच्या ४० टक्के खोलीवर घेतात, कारण पृष्ठभाग नेहमीच फसवा कोरडा असतो.

जुन्या घरात मोझेक किंवा टाइल्स घट्ट असतील तर त्यावरच प्लास्टिकचा पडदा, २-३ मिलिमीटरचा फोमचा थर आणि वर फरशी 'तरंगती' बसवता येते, म्हणजे ती खाली चिकटवत नाहीत, फळ्या एकमेकींत अडकतात. तोडफोड वाचते. भारही नगण्य: १४ मिलिमीटरची फळी चौरस मीटरला सुमारे ९ किलो, उलट नवी टाइल ५० मिलिमीटरच्या मसाल्यावर बसवली तर नुसता मसालाच १०० किलोच्या घरात जातो. जुन्या इमारतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. जमीन मात्र सपाट हवी, २ मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा नको. नाहीतर पाऊल पडले की फळी दबते आणि कालांतराने सांधा तुटतो. तरंगत्या फरशीचा आवाज थोडा पोकळ येतो. तो नको असेल तर फळ्या चिकटवून बसवाव्या लागतात आणि मग जमिनीच्या कोरडेपणाची अट अधिक कडक होते.

फरशीमुळे जमीन सुमारे १७ मिलिमीटर उचलली जाते. दारे खालून कापावी लागतील का, सेफ्टी डोअर अडेल का, शेजारच्या खोलीच्या टाइल्सशी पायरी होईल का, हे पैसे देण्याआधी मोजा. खोके बसवण्याच्या आधी दोन दिवस त्याच खोलीत, बंदच ठेवा. क्षेत्रफळापेक्षा ५ ते १० टक्के माल जास्त मागवा आणि तो एकाच लॉटचा असू द्या. उरलेल्या पाच-सहा फळ्या माळ्यावर ठेवल्या तर पुढे एखादी खराब झालेली फळी त्याच रंगाची बदलता येते. कारागीर भिंतीलगत जागा सोडतो आहे ना, हे उभे राहून पाहा. स्कर्टिंग बसल्यावर ते कधीच दिसणार नाही.

स्वाध्याय

१. ४.२ मीटर रुंद खोलीत १४० मिलिमीटर रुंदीच्या सागाच्या घन फळ्या बसवल्या आहेत. समतोल ओलावा ९ वरून १६ टक्क्यांवर गेला तर एका फळीची आणि सर्व फळ्यांची मिळून सैद्धांतिक वाढ किती?

२. एका फरशीचा वरचा थर ०.६ मिलिमीटर आहे आणि दुसरीचा ४ मिलिमीटर. दुसरीची किंमत पहिलीच्या दुप्पट आहे. दोन्हींचे पॉलिश एकेका टप्प्याला ८ वर्षे टिकते आणि दुसरीची दोनदा घासणी होते, असे धरा. प्रत्येक घासणीचा खर्च पहिल्या फरशीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतका असेल, तर दर वर्षाचा खर्च कोणत्या फरशीचा कमी?

३. तुमच्या गावच्या हवामान केंद्राची महिनावार सापेक्ष आर्द्रता मिळवा. सर्वांत कोरड्या आणि सर्वांत दमट महिन्यातला समतोल ओलावा या पाठातल्या आकड्यांवरून काढा आणि ओक घ्यावा, साग घ्यावा की टाइल्सच ठेवाव्यात, ते कारणांसह लिहा.